नळीतली खपली

शिरूरकडे बोअरचे पाणी तापवणाऱ्या भांड्याला पांढरी पुटे चढतात; दौंडला येणाऱ्या वाफेच्या इंजिनांनाही हाच जाच होता. तेलविहिरीत तापवावेही लागत नाही. दाब उतरला की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि चुना नळीला बसतो. तो आम्लाने निघतो. पण मुंबई हायमध्ये (तेल सापडले १९७४ साली) दाब टिकवायला समुद्राचे पाणी आत सोडतात. अशा पाण्यातल्या सल्फेटला खडकातल्या पाण्यात बेरियम भेटले, तर जमणारी खपली आम्लाला दाद देत नाही. तिथे खपलीरोधक औषध आधीच सोडावे लागते. आणि जमलीच, तर खरवडतो कोण? बहुधा कंत्राटी माणूस! तिच्यात कधीकधी रेडियम असते. कोरडी खरवडली तर धूळ छातीत जाते. म्हणून आधी किरणमापन, मग मुखवटा लावून ओली सफाई.