दवाखान्याचा दर आणि योजनेचा दर

म्हसवड : मोठे ऑपरेशन म्हटले, की आपला माणदेशी माणूस सातारा नाहीतर मिरज गाठतो. खासगी दवाखान्यात दरपत्रक लावणे २०२१ च्या सुधारित नियमांनी सक्तीचे केले. पण तो दर रोखीने भरणाऱ्याचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सरकार दवाखान्याला प्रत्येक उपचाराचा ठरीव दर देते. औषधे, तपासण्या, जेवण, परतीचे एस.टी. भाडेही त्यातच. हा दर परवडत नाही, अशी दवाखान्यांची कुरकुर असते. तरी योजनेतून दाखल झालेल्याकडे वरचा फरक मागता येत नाही. तेव्हा मेंढरं विकायच्या आधी रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला गाठा. गावोगावच्या सरपंचांनी १५५३८८ हा टोल-फ्री क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक लिहून घ्यावा.