परसांतील कोंबड्यांचें पिण्याचें पाणी

आपल्या खेड्यांतून दहा-पांच कोंबड्या परसांत चरत नाहींत असें घर क्वचितच सांपडेल. या कोंबड्यांना ज्वारी-बाजरीची मूठ वेळेवर मिळते. तिन्हीसांजेस खुराड्याचें दार लावण्यास घरधनीण विसरत नाहीं. परंतु त्या पाणी कोठें पितात, असें विचारलें तर बहुधा उत्तर येतें, "पितात कुठें तरी!" हें 'कुठें तरी' म्हणजे न्हाणीचें सांडपाणी, उकिरड्याकडेचें डबकें, नाहीं तर गुरांच्या डोणीखालचा चिखल. कोंबडीस लागणाऱ्या सर्व जिनसांत जी सर्वांत स्वस्त, तिच्याच बाबतींत होणारी हेळसांड किती महाग पडते, हें वाचकांच्या नजरेस आणावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखकास हा धडा स्वतःच्या घरींच मिळाला. एके वर्षीं चैत्र-वैशाखांत आमच्या बारा कोंबड्यांचीं अंडीं निम्म्यावर आलीं. प्रथम आम्हीं दाणा बदलला, मग जंतांचें औषध पाजलें. शेजारच्या आजींनीं दृष्टहि काढून पाहिली. कशाचाच उपयोग होईना. अखेर एके दिवशीं भर दुपारीं परसांत गेलों असतां पाण्याचें परळ कोरडें ठणठणीत पडलेलें दिसलें. सकाळीं भरलेलें पाणी कांहीं पिण्यांत जाई, कांहीं सांडे व उरलेलें उन्हानें आटे. त्यापुढें सूर्य मावळेपर्यंत तीं मुकीं पांखरें तहानलेलींच राहत. आम्हीं परळ चिंचेच्या सावलींत हलविलें, एकाचीं दोन केलीं व दिवसांतून तीनदां भरूं लागलों. पंधरवड्याच्या सुमारास अंडीं पुन्हां वाढूं लागलीं. दाण्यावर व औषधावर झालेला खर्च मात्र व्यर्थ गेला.

किती पाणी लागतें?

अंड्याचे शंभर भाग धरले तर त्यांपैकीं सुमारें ७५ भाग पाणीच असतें. कोंबडी जेवढा दाणा खाते, त्याच्या सुमारें दुप्पट वजनाचें पाणी पिते. अंडीं घालणाऱ्या कोंबडीस सामान्य हवेंत दररोज पाव लिटर पाणी लागतें. कडक उन्हाळ्यांत हेंच मान दुपटीवर जातें. याचें कारण असें कीं, कोंबडीस घाम येत नाहीं. ती चोंच उघडी ठेवून धापा टाकते व श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर सोडून शरीर थंड राखते. तेव्हां दहा कोंबड्यांस हिवाळ्यांत अडीच-तीन लिटर व वैशाखांत पांच-सहा लिटर, असा हिशेब मनाशीं धरावा. पाणी तुटलें कीं दाणा खाणेंहि कमी होतें. दिवसभर पाणी न मिळाल्यास अंडीं बंद पडूं शकतात, आणि नंतर भरपूर पाणी दिलें तरी तीं पूर्ववत् सुरू होण्यास बरेच दिवस जातात.

पाण्यावाटे येणारे रोग

आजारी कोंबडी दाणा सोडते, पण अंगांत ताप असला कीं पाण्यापाशीं वारंवार येते. तिच्या नाकातोंडांतील स्राव भांड्यांत उतरतो व तेंच पाणी बाकीच्या पितात. कोंबड्यांचा कॉलरा या रीतीनें पसरतो. (याच रोगाच्या जंतूंवर प्रयोग करतांना १८८० च्या सुमारास लुई पाश्चर यांस जंतु दुर्बळ करून लस बनविण्याची युक्ति साधली.) मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, त्याचे विषाणूहि स्राव व विष्ठा यांतून पाण्यांत मिसळतात. पिलांची रक्ती हगवण तर भांड्याभोवतींच्या ओलींत वाढते. विष्ठेंतून पडलेलीं त्या रोगाचीं बीजें ओल व ऊब मिळाली कीं एक-दोन दिवसांत बाधक होतात.

फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला. भारतांतील तो पहिलाच प्रसंग होय. रानबदकें व इतर पाणपक्षी या रोगाचे विषाणू वाहूं शकतात. म्हणून असे पक्षी उतरतात त्या तळ्याचें पाणी शुद्ध केल्यावांचून कोंबड्यांस देऊं नये.

भांडें कसें असावें?

उघड्या परळांत कोंबडी पाय घालते, माती उकरून टाकते व काठावर बसून घाण करते. यावर सोपा उपाय घरींच करतां येतो. सुमारें दोन लिटरांचा, खाण्याच्या पदार्थाचा रिकामा डबा घ्यावा. कीटकनाशकाचा अथवा खताचा कधींहि घेऊं नये. त्याच्या तोंडापासून पाऊण इंचावर खिळ्यानें समोरासमोर दोन भोकें पाडावीं. दीड इंच खोल व डब्याहून सर्व बाजूंनीं दीड-दोन इंच रुंद अशी थाळी घ्यावी. डबा भोकांपर्यंत भरून थाळी त्यावर पालथी घालावी आणि दोन्ही घट्ट धरून एकदम उलटावें. पाणी थाळींत उतरूं लागतें व भोकें झांकलीं जातांच थांबतें. कारण बाहेरची हवा आंत शिरूं शकत नाहीं. कोंबड्या पितात तसतशी भोकें उघडीं पडतात, हवेचा बुडबुडा आंत जातो आणि तेवढेंच पाणी खालीं येतें. डब्याचें बूड मात्र गळकें नसावें. बाजारांत प्लास्टिकचीं भांडीं मिळतात, तीं याच तत्त्वावर चालतात.

भांडें विटांवर ठेवून थाळीचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीस आणावा, म्हणजे घाण पडत नाहीं. विटांभोवतीं वाळू पसरावी व ती ओली होतांच बदलावी. लहान पिलें बुडून मरतात; त्यांच्या थाळींत स्वच्छ गोटे घालावे.

पाणी निर्मळ कसें राखावें?

भांडें रोज काथ्यानें घासावें व उन्हांत वाळवावें. बोटास बुळबुळीत लागलें तर तो जंतूंचा थर समजावा. वरून ताजें पाणी ओतल्यानें तो जात नाहीं. पावसाळ्यांत विहिरीचें पाणी गढूळ झालें असतां आधीं निवळूं द्यावें व कापडानें गाळावें, मग औषध घालावें. गढूळ पाण्यांत क्लोरिनचा जोर वायां जातो. घरगुती क्लोरिनच्या गोळ्या पाकिटावरील प्रमाणानेंच वापराव्या व पाणी अर्धा तास तसेंच ठेवावें. रक्ती हगवणीचीं बीजें मात्र क्लोरिनला दाद देत नाहींत. तेथें कोरडी जमीन हाच उपाय.

एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी. पाण्यांतून लस द्यावयाची असेल तेव्हां त्या पाण्यांत क्लोरिन नसावें. नाहीं तर लसच मरते आणि लस टोंचल्याचें समाधान फसवें ठरतें. आदल्या दिवसापासून औषध बंद ठेवावें, व पाण्यांत सायविरहित दुधाची भुकटी किती घालावी हें पशुवैद्यांस विचारावें.

परसांतील अंड्यांचा पैसा बहुधा घरांतील स्त्रियांच्या हातीं येतो आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांस, अडल्या वेळेस, तोच उपयोगीं पडतो. तो राखण्यास येथें मोठें भांडवल लागत नाहीं. एक डबा, दोन विटा व दिवसांतून तीन फेऱ्या पुरतात. खूण सोपी आहे: जें पाणी आपल्या पोरास पाजण्यास हात धजणार नाहीं, तें कोंबडीपुढेंहि ठेवूं नये. अंडीं घटलीं तर दाण्यास व दैवास बोल लावण्यापूर्वीं वाचकांनीं भर दुपारीं एकदां परसांत जाऊन पाण्याचें भांडें पाहावें, एवढीच विनंति.