साठ श्वासांची वेस
सेवाग्रामच्या किंवा वर्ध्याच्या दवाखान्यातून बाळंतीण पवनारला घरी आली, की गावच्या आरोग्य-स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, फेऱ्या सुरू होतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि शेवटी बेचाळिसावा. बाळ घरीच जन्मलं असेल, तर पहिल्या दिवसाची आणखी एक. ताई साबणानं हात धुतात, बाळाला झोळीच्या काट्यावर तोलतात, काखेत थर्मामीटर धरतात. मग मिनिटभर नुसत्या त्याच्या पोटाकडे बघत बसतात. घरच्यांना वाटतं, काही चाललेलंच नाही. खरं तर सगळ्यात मोठी तपासणी तीच!

तान्हं बाळ मिनिटाला चाळीस-पन्नास श्वास घेतं, म्हणजे आपल्या जवळजवळ तिप्पट. फुप्फुसांना जंतुदोष झाला, की ती ताठर होतात. खोल श्वास ओढायला जोर लागतो, आणि अडीच किलोच्या जिवाकडे तो नसतो. मग ते उथळ, भराभर श्वास घेऊ लागतं. तापावर विसंबता येत नाही. इतक्या लहान बाळाचं अंग आजारात उलट गारही पडतं. श्वास मात्र बोलतो. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थबकतो. दुसऱ्यांदाही साठ? मग धोका.

पण ज्या बाईला आकड्यांची सवय नाही, तिनं साठ मोजायचे कसे? अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्यानं गडचिरोलीत यावर एक साधी पाटी काढली: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, त्यातला शेवटचा लाल. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर निदान झालं. मला हे स्टेथोस्कोपच्या तोडीचं वाटतं.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत, दवाखाना गाठणं ज्यांना जमत नसे त्यांच्या घरी, गावातल्याच प्रशिक्षित बायका आई-बापांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शन देऊ लागल्या. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते. तिसऱ्या वर्षी ते २५ च्या आसपास आले. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'नं हे छापलं. अभय बंग सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले. त्यांची ही पद्धत २०११ मध्ये देशाची योजना होऊन वर्ध्याकडे परतली. इंजेक्शन मात्र आशाताईंच्या हाती दिलेलं नाही.

घरच्या घरी एका आकड्यावर नजर ठेवून धोका आधीच ओळखायची ही युक्ती त्याच घरातल्या आजोबांनाही लागू पडते. हृदय दुबळं असेल, तर धाप लागण्याआधी अंगात पाणी साठतं आणि दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलोंनी वाढतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून लघवीच्या गोळीचा डोस बदलून घेतला, तर भरती होणं अनेकदा टळतं. अमेरिकेत तर २०१२ पासून, असे रुग्ण महिन्याच्या आत फार संख्येनं पुन्हा भरती झाले, तर सरकारी विमा रुग्णालयाचेच पैसे कापतो. आपल्याकडे आजोबांसाठी बेचाळीस दिवसांचं वेळापत्रक कुणी आखलेलं नाही. तेव्हा काटा घरात हवा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करायचं आणि आकडा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा.