मेपलचा ड्रम ओट्यावर ठेवून बघा

माझ्या पहिल्या ड्रमकिटवर सोनेरी अक्षरांत ‘मेपल’ लिहिलं होतं आणि त्या एका शब्दावर मी ते घेतलं. दोन वर्षांनी फ्लोअर टॉमचं हेड, म्हणजे वर ताणलेला पडदा, बदलायला काढलं, तेव्हा शेलचा, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाचा, काठ पहिल्यांदा उघडा दिसला. बाहेरचा एक थर फिकट, सायीच्या रंगाचा. आत सगळं तांबूस, मोठ्या छिद्रांचं लाकूड. मेपल होतं, पण कागदाएवढं. विकणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. मीच काय विचारायचं ते विचारलं नव्हतं.

घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारी, छोटा स्टुडिओ थाटणारी बरीच मुलं आज मेपलचं किट शोधत असतात. त्यांचा शोध चुकीचा नाही. तबल्याचं खोड अखंड लाकडातून कोरतात, तसं ड्रमचं शेल सहसा नसतं. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून, साच्यात दाबून त्याला गोल आकार देतात. हे थर घट्ट, बारीक रेषांच्या लाकडाचे असतील तर हेडवर पडलेल्या आघाताची ताकद शेल गिळून टाकत नाही. उत्तर अमेरिकेतला शुगर मेपल तसा आहे. त्याच्या रसाचं सिरप होतं आणि बास्केटबॉलच्या मैदानांची फरशीही त्याच्याच फळ्यांची असते. त्याचा ड्रम खालच्या सुरांत गोल, उबदार वाजतो आणि वरचे सूरही झाकत नाही. मिक्स करताना अशा आवाजाला गायकाच्या मागेही बसवता येतं आणि गिटारच्या गोंगाटातून वरही काढता येतं.

पण स्टुडिओ म्हणजे मेपलच, असा नियम कधीच नव्हता. यामाहानं १९७५ साली आणलेलं आणि पुढे ‘रेकॉर्डिंग कस्टम’ या नावानं गाजलेलं किट बर्चचं होतं. बर्चमध्ये मधले सूर थोडे दबतात, ठोका धारदार येतो आणि घुमारा लवकर विरतो. माइकसमोर हे फार सोयीचं पडतं. ९ फेब्रुवारी १९६४ला ‘एड सलिव्हन शो’मध्ये सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी बीटल्सना पाहिलं आणि त्यांच्या ड्रमर रिंगो स्टारसारखं लुडविगचं किट हवं म्हणून दुकानांत रांगा लागल्या. त्या काळातलं लुडविगचं शेलही पूर्ण मेपलचं नव्हतं. महोगनी, पॉप्लर, मेपल असे तीन थर आणि आतून मेपलच्या कड्या. ज्या आवाजामागे जग लागलं, त्यात पॉप्लरसारखं मऊ, स्वस्त लाकूडही होतं. हे कळल्यावर माझ्या डोक्यातली मेपलची भीती आणि हाव दोन्ही कमी झाल्या.

तरीही मेपलच हवं असेल, तर आज ते पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. डीडब्ल्यूच्या पीडीपी शाखेचं ‘कॉन्सेप्ट मेपल’, टामाचं ‘सुपरस्टार क्लासिक’ ही किट्स पूर्ण मेपलची आहेत आणि मधल्या किमतीत येतात. ग्रेचचं ‘कॅटलिना मेपल’ सात थरांचं, सगळे थर मेपलचे. जुन्या बाजारात ते सापडलं तर सोडू नका. पर्लचं ‘मास्टर्स’, लुडविगचं ‘क्लासिक मेपल’ यांच्या वाटेला मी तुम्हाला पाठवणार नाही. तिथे जास्तीचे पैसे बरेचसे निवडक लाकूड, लॅकरची झिलई, हार्डवेअर आणि कारखान्याचा पत्ता यांना जातात. आवाजातला फरक असतो, पण तो शेवटच्या पायरीचा असतो आणि आधीच्या पायऱ्या आपण चढलेल्याच नसतात.

वापरलेलं किट घ्या, हे माझं ठाम मत आहे. ड्रम हे मोठ्या खोक्यातलं पोकळ सामान, त्यामुळे परदेशातून येताना वजनापेक्षा आकारमानाचं भाडं बसतं, वर आयात शुल्क. तो सगळा भार पहिल्या मालकानं आधीच सोसलेला असतो. उलट शेल मात्र वापरानं झिजत नाही. झिजतात ती हेड्स, बिघडतात ते स्क्रू, आणि दोन्ही बदलता येतात. पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्राच्या ड्रमरनं गाव सोडताना विकलेलं किट मी असंच घेतलं. हेड्स पांढरी पडलेली, रॅपवर ओरखडे, पण काठ शाबूत.

हा काठ ड्रममधली सगळ्यात महत्त्वाची जागा. हेड शेलला टेकतं ते याच रेषेवर. ती रेषा एका जागी जरी खचलेली असेल तरी ड्रम कधीच एका सुरात लागत नाही, मग लाकूड कोणतंही असो. तपासणी सोपी आहे. मी त्या ड्रमरच्या घरी टॉमची दोन्ही हेड्स उतरवायला परवानगी मागितली, शेल त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर काठ खाली करून ठेवलं, आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि दिवा मालवला. शेल आणि दगड यांच्यामधून उजेडाची रेघ कुठे दिसते ते डोळे ओट्याच्या पातळीला आणून गोल फिरून पाहायचं. बारा इंची टॉममधून काहीच दिसलं नाही. सोळा इंचीत एका जागी केसाएवढी फट होती, व्हिजिटिंग कार्ड मात्र आत जात नव्हतं. तेवढं चालतं. कार्ड सरकलं असतं तर मी तो टॉम नाकारला असता. नंतर शेल उलटं करून दुसरा काठही तसाच पाहायचा. मोजपट्टीनं व्यास दोन-तीन दिशांनी मोजला की शेल गोल आहे की अंडाकृती झालंय तेही कळतं.

लाकूडही तेव्हाच ओळखायचं. हेड काढल्यावर काठावर सगळे थर कापलेल्या वडीसारखे दिसतात. मेपल फिकट आणि गुळगुळीत. लुआन तांबूस, छिद्रं डोळ्यांना दिसणारी. पॉप्लरवर नख दाबलं तर खूण उठते. संमिश्र लाकूड वाईट नसतं. बर्च आणि मेपल एकत्र केलेली काही किट्स फार सुंदर वाजतात. फक्त पैसे कशाचे देतोय ते माहीत हवं.

किटवर वाचलेले पैसे हेड्सवर घाला. स्टुडिओसाठी टॉमला कोटेड, एक थराची, १० मिल जाडीची हेड्स लावली तर मेपलचा घुमारा माइकपर्यंत पोचतो. दोन थरांची हेड्स तो आखडतात, पण जोरानं वाजवणाऱ्याला तीच बरी. खालचं हेडही बदला. लोक वरचं बदलतात आणि खालचं कारखान्यातलं दहा वर्षं तसंच ठेवतात. मग चावीनं ड्रम सुरात लावायचा. तबला लावताना आपण घरं समोरासमोर जुळवत जातो, तसंच इथे समोरासमोरचे स्क्रू अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं आवळायचे आणि प्रत्येक स्क्रूपाशी, काठापासून इंचभर आत, काठीनं हलकं टकटक करून सूर एक करायचा. मला पहिल्यांदा एका टॉमला पाऊण तास लागला. घुमारा फारच झाला तर रुमाल पुरतो. रिंगोनंही रेकॉर्डिंगला ड्रमवर भांडी पुसायची फडकी टाकली होती. किक ड्रमच्या आत गोधडीची घडी हेडला जेमतेम टेकेल अशी ठेवा.

उरली खोली. जवळचा माइक हेडचाच आवाज जास्त उचलतो. शेल ऐकू येतं ते दोन-तीन हात लांबच्या माइकमध्ये, आणि तिथे खोलीही सोबत येते. लेड झेपेलिन या रॉक बँडनं इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात आपल्या ड्रमरचं, जॉन बॉनहॅमचं, किट जिन्याखालच्या दालनात मांडलं आणि माइक वर जिन्यात टांगले. १९७१च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला तो प्रचंड ठोका त्या जिन्याचाही आहे. आपल्याकडे तसा जिना नसेल, पण पुस्तकांनी भरलेलं कपाट, गादी आणि जाड पडदा यांनी साध्या खोलीचा कर्कशपणा पुष्कळ उतरतो.

किट बघायला जाताना ड्रमची चावी, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन जा. हेड्स काढून शेल पाहू द्या, असं आधी फोनवरच विचारा. विकणारा नाही म्हणाला, तर तिथे जाऊ नका.