फिर्यादीच न्यायाधीश?

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संसदेने २०२५ साली संमत केला आणि त्यात क्रीडाक्षेत्रातील तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु न्यायाधिकरणाची पायरी चढण्याची वेळ येण्यापूर्वीच पुष्कळदा खेळाडूचे भवितव्य ठरून गेलेले असते. ते ठरते मंडळाच्या बंद दालनात, आणि तेथील कारभाराविषयीच आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

हे दुखणे जुने आहे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वीच बेशिस्तीच्या आरोपावरून स्वदेशी परत धाडण्यात आले. आरोप करणारे कर्णधार महाराजकुमार व संघाचे व्यवस्थापक. निकाल देणारेही तेच! पुढे मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या समितीने चौकशी केली व अमरनाथ दोषमुक्त झाले. पण दौरा संपला होता. मग युद्ध आड आले, आणि १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर भारताचे पहिले कसोटी शतक काढणाऱ्या या फलंदाजाच्या वाट्याला पुढची कसोटी आली ती १९४६ साली.

त्यानंतर तरी काय बदलले? महंमद अझरुद्दीन यांच्यावर नियामक मंडळाने डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी घातली. ती बेकायदा असल्याचा निर्णय आंध्र प्रदेश हायकोर्टाने नोव्हेंबर २०१२ मध्ये दिला. सदतीस वर्षांचा खेळाडू तोवर एकोणपन्नास वर्षांचा झाला होता. त्यांनी काय केले वा केले नाही, या वादात आम्ही शिरत नाही. श्रीशांत यांच्यावरील २०१३ ची आजन्म बंदी मात्र अधिक विचार करावयास लावते. दिल्लीच्या न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांना आरोपमुक्त केले, तरी मंडळाने आपली बंदी उठविली नाही. त्यात गैर काही नाही; फौजदारी खटल्यातील पुराव्याची कसोटी वेगळी आणि शिस्तीच्या चौकशीतील वेगळी. सुप्रीम कोर्टानेही मार्च २०१९ मध्ये गैरवर्तनाचा ठपका कायम ठेवला, पण शिक्षा रद्द केली. कारण एवढेच, की शिक्षा ठरविताना कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात हे मंडळाच्याच नियमांत लिहिले असताना समितीने त्यांचा विचार केला नव्हता! फेरविचारात आजन्म बंदीची सात वर्षे झाली.

सामना विकला जातो अशी शंका आली की प्रेक्षक पाठ फिरवितात, म्हणून त्वरा हवी, असे मंडळ म्हणते. ते खरेच आहे. तात्पुरते निलंबन जरूर करावे. पण आरोपपत्र लेखी द्यावे, साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी, आरोप करणाऱ्याने निवाड्यास बसू नये, आणि मुदत आधी ठरलेली असावी. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील अशोभनीय बोलण्याबद्दल पंड्या व राहुल यांना ऑस्ट्रेलियातून माघारी बोलाविले गेले, तेव्हा चौकशी करावयाचा लोकपालच नेमलेला नव्हता. अखेर निलंबन उठवावे लागले.

निलंबित कारकुनाला निर्वाह भत्ता मिळतो आणि निर्दोष ठरल्यास साठीपर्यंत नोकरीही उरते. गोलंदाजाची उमेद पस्तिशीत ओसरते. आमच्या मुंबईच्या अंकित चव्हाण यांनाही २०१३ मध्येच आजन्म बंदी झाली होती. तीही सात वर्षांवर आणली गेली, परंतु २०२१ साली, म्हणजे ती सात वर्षे उलटून गेल्यावर.