खंडणीखोर विषाणू आणि घरचा संगणक

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. उल्हास नदीच्या खोऱ्यातील भातशेती आणि पाताळगंगेकाठचे कारखाने या दोहोंवर येथील जीवन उभे आहे. एके काळी गावाचे महत्त्वाचे कागद लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवले जात. आता शाळेची निकालपत्रके शिक्षकाच्या घरच्या संगणकावर तयार होतात, ग्रामपंचायतीच्या ठरावांचे मसुदे तेथेच टंकलिखित होतात आणि मुलीच्या लग्नाची छायाचित्रे व सातबाराच्या प्रतीही त्याच संगणकात असतात. हे सारे दप्तर कुलूपबंद करून त्याच्या सुटकेसाठी पैसे मागणारा एक नवा खंडणीखोर निर्माण झाला आहे. ‘रॅन्समवेअर’ या नावाने तो ओळखला जातो.

खेड्यातील संगणकात चोरण्याजोगे असे काय असणार, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. परंतु या खंडणीखोरास माहितीचे बाजारमूल्य पाहावयाचे नसते. ती नाहीशी झाली तर मालक किती हवालदिल होईल, एवढाच त्याचा हिशेब असतो. शिवाय तो गाव निवडून येत नाही; त्याचे जाळे सर्वत्र टाकलेले असते आणि दार उघडे सापडेल तेथे तो शिरतो.

न्हावा-शेवा ते घाना

रायगड जिल्ह्याने हे संकट जवळून पाहिले आहे. दिनांक २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू जगभर पसरला. युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संगणक-प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून त्याचा प्रवेश झाला आणि काही तासांतच मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरातील संगणक बंद पडले. त्या कंपनीच्या समूहाकडे उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदराचा एक मालधक्का आहे. तेथील संगणकाधारित कामकाज ठप्प झाले. कोठे तरी युरोपात उघडलेल्या दाराचा परिणाम त्याच दिवशी न्हावा-शेव्यास पोहोचला. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती. परंतु संपर्कासाठी दिलेला ई-मेल पत्ता त्याच दिवशी बंद करण्यात आला आणि पैसे भरूनही कुलूप उघडण्याची सोय नव्हती.

मर्स्क कंपनी यातून सावरली ती एका विलक्षण योगायोगामुळे. तिच्या साऱ्या जाळ्याचे नियंत्रण करणारी माहिती अनेक ठिकाणच्या संगणकांवर ठेवलेली होती. ते सर्व एकमेकांना जोडलेले असल्यामुळे सर्वच पुसले गेले. आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात मात्र त्या वेळी वीज गेली होती. तेथील संगणक बंद होता, म्हणून तो वाचला. आणि त्यातील माहिती माणसाच्या हाती देऊन इंग्लंडला पोहोचविण्यात आली. त्यानंतर सुमारे दहा दिवसांत ४,००० मोठे आणि ४५,००० लहान संगणक नव्याने उभे करावे लागले. वीज जाण्याचा अनुभव कर्जत-खालापूरच्या रहिवाशांना नवा नाही. तिचा असा उपकार मात्र क्वचितच कोणी पाहिला असेल. या घटनेत बचावाचे सारे सूत्र सामावले आहे: जी प्रत जोडलेली नव्हती, तीच उरली.

शासकीय कार्यालयेही या उपद्रवातून सुटलेली नाहीत. मे २०१६ मध्ये मंत्रालयातील महसूल व सार्वजनिक बांधकाम विभागांच्या सुमारे दीडशे संगणकांना ‘लॉकी’ या विषाणूची बाधा झाल्याचे वृत्त होते. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक-यंत्रणेवर हल्ला होऊन मुख्यालयाचे व प्रादेशिक कार्यालयांचे काम खोळंबले. पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र याच महामंडळाचे असल्याने खालापूरच्या उद्योजकांना ही वार्ता दूरची नव्हती. महामंडळाने त्या वेळी दिलेल्या निवेदनानुसार माहितीच्या राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या असल्यामुळे त्या सुरक्षित राहिल्या.

कुलूप कसे लागते?

ही युक्ती तशी जुनी आहे. १९८९ साली एड्स रोगाविषयीची माहिती म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने निरनिराळ्या देशांत पाठविण्यात आल्या. ती फ्लॉपी वापरणाऱ्याचा संगणक काही दिवसांनी अडून बसे आणि पनामा देशातील एका टपालपेटीच्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवावेत, अशी मागणी पडद्यावर येई. ते कुलूप कच्चे होते व जाणकारांनी ते लवकरच उघडले. आजचे कुलूप तसे नाही.

दाबले की बसणारे कुलूप सर्वांच्या परिचयाचे आहे. ते लावण्यास किल्ली लागत नाही, उघडण्यास मात्र लागते. विषाणू संगणकात शिरतो तो असे कुलूप घेऊन. किल्ली दूर कोठे तरी गुन्हेगाराजवळच राहते. प्रत्येक फाईलमधील मजकूर गणिती रीतीने उलटसुलट केला जातो, फाईलच्या नावापुढे एक विचित्र शेपूट लागते आणि शेवटी सूचनेचा कागद ठेवला जातो. चांगल्या प्रतीचे हे गणित सुटावयाचे तर आजच्या संगणकांना मनुष्याचे आयुष्य पुरणार नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्याने ‘मी उघडून देतो’ असे सांगितले तर त्यावर विसंबण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

घरगुती संगणकांना ज्याने सर्वाधिक छळले, त्या विषाणूचे नाव ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’. त्याची सूचना ठरावीक असे: ९८० डॉलर द्या, तीन दिवसांत दिल्यास निम्मे. तो बहुधा फुकट मिळविलेल्या चोरट्या प्रणालींबरोबर येई. अमुक प्रणाली विकत न घेता चालविण्याची ‘क्रॅक’ कोणी तरी मित्र देतो, ती चालू करताना संरक्षक प्रणाली बंद करावयास सांगितले जाते, आणि पाहुणा म्हणून आलेला चोर आपल्याच हाताने आत घेतला जातो. मराठी टंकलेखनाच्या व हिशेबाच्या प्रणाली अशाच रीतीने मिळविण्याची सवय शाळा-कार्यालयांतूनही आढळते. तिची किंमत एखाद्या दिवशी एकदम चुकवावी लागते.

दुसरा मार्ग ई-मेलचा. वीजबिल, कुरिअरची पावती अथवा न्यायालयाची नोटीस अशा नावाने फाईल येते. नावाच्या शेवटी ‘पीडीएफ’ दिसते, पण त्याहीपुढे ‘ईएक्सई’ ही अक्षरे दडलेली असू शकतात. फाईलचे पूर्ण नाव दाखविण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती चालू करून ठेवावी. तिसरे दार म्हणजे जुनी प्रणाली. मे २०१७ मध्ये दीडशेहून अधिक देशांत पसरलेला ‘वॉनाक्राय’ ज्या दोषातून शिरला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी घेतली नव्हती, त्यांचे नुकसान झाले. विंडोज ७ ला अशा दुरुस्त्या मिळणे जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. असे संगणक अद्याप वापरात असतील तर ते बदलण्याचा वा निदान इंटरनेटपासून दूर ठेवण्याचा विचार व्हावयास हवा.

बियाण्याचे भात

कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे वाण लावणाऱ्या या भागातील शेतकऱ्यास राखीव प्रतीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. खाण्याचे भात व बियाण्याचे भात तो एकत्र ठेवीत नाही. संगणकातील माहितीचेही तसेच करावयाचे आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फायलींची नक्कल तीवर उतरावी आणि काम संपताच ती काढून ठेवावी. यातील शेवटचे शब्द सर्वांत महत्त्वाचे. डिस्क कायम जोडून ठेवणारे पुष्कळ असतात. विषाणू संगणकाबरोबर तिलाही कुलूप लावतो.

गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी फायली आपोआप चढत असतील तर बिघडलेली फाईलही आपोआपच चढते. तेथे जुन्या आवृत्त्या साधारणतः ३० दिवस मिळतात, म्हणून हालचाल त्वरेने करावी लागते. शक्य झाल्यास दुसरी नक्कल अन्य घरी, म्हणजे भावाकडे वा शाळेत, ठेवावी. जुलै २००५ च्या महापुरात उल्हासकाठी पाणी घरात शिरले होते. अशा वेळीही हीच नक्कल कामी येते. पावसाळ्यात डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली बरी. आणि तीन-चार महिन्यांनी तीवरील एखादी फाईल उघडून पाहावी. न तपासलेले बियाणे उगवेलच, असे नाही.

सूचना दिसताच

पडद्यावर खंडणीची सूचना दिसताच इंटरनेटची तार काढावी अथवा वाय-फाय बंद करावे. पेनड्राइव्ह व डिस्क जोडलेली असल्यास तीही काढावी. सूचनेचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घ्यावे. राखीव डिस्क घाईने त्याच संगणकास जोडणे ही नेहमी होणारी घोडचूक आहे. आधी संगणक संपूर्ण पुसून नवी प्रणाली बसवावी, मगच ती जोडावी. बँकेचे व ई-मेलचे परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत.

खंडणी देऊ नये. दिल्यावर किल्ली मिळेलच याची शाश्वती कोणीही देत नाही. तक्रार नजीकच्या पोलीस ठाण्यात, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर अथवा १९३० या क्रमांकावर करता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ नुसार या कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासकीय संस्थांनी व कंपन्यांनी अशी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस कळविणे एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये बंधनकारक आहे.

कुलूपबंद झालेल्या फायली मात्र पुसून टाकू नयेत. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल व काही कंपन्या यांनी २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला असून, ज्या कुलपांच्या किल्ल्या सापडल्या आहेत, त्या तेथे विनामूल्य मिळतात. ‘स्टॉप’च्या बऱ्याच जुन्या प्रकारांवरील उतारा ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बिघडलेल्या फायली वेगळ्या डिस्कवर तशाच ठेवून देणाऱ्यांनाच त्याचा उपयोग होण्याजोगा होता.