म्हातारपण आणि मेंदू – लेखांक ६ : अर्धांगवायूनंतरची खाट

अर्धांगवायू झालेला वृद्ध रुग्ण रुग्णालयात किती दिवस राहील, हे मेंदूला किती इजा झाली यावर बरेचसे ठरते. उरलेले त्यानंतरच्या देखभालीवर. रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावे लागते. तो टप्पा ओलांडला की पुढचे दिवस परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि नातेवाईक यांच्या हाती असतात.

मुक्काम लांबतो तो बहुधा नव्या दुखण्यांमुळे. पहिले दुखणे घशाचे. अनेक रुग्णांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही. ते न तपासता कुणी मायेने चहात बुडवलेले बिस्किट किंवा पेज भरवली, तर अन्नाचे कण श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. थोडे पाणी पाजून घेतलेली साधी चाचणी हा धोका वेळीच दाखवते. ती होईपर्यंत तोंडाने काहीही न देणेच योग्य. लघवीची नळी गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवली की संसर्ग होतो, कूस बदलली नाही की पाठीला जखमा होतात. ऐंशीच्या घरातल्या रुग्णाला यांत भ्रमाची भर पडते. रात्री तो उठू पाहतो, पडतो, आणि मुक्काम आणखी वाढतो.

या रुग्णांसाठी वेगळा कक्ष आणि प्रशिक्षित चमू असला, तर मृत्यू आणि परावलंबन दोन्ही कमी होतात, असे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. हा लाभ वृद्धांनाही मिळतो आणि त्यासाठी मुक्काम वाढतोच असे नाही. घाई मात्र उपयोगाची नाही. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवरील एव्हर्ट चाचणीत (२०१५) पहिल्या चोवीस तासांतच वारंवार खाटेवरून उठवलेल्यांची प्रकृती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा काहीशी कमीच सुधारलेली आढळली.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणजे तिचा मोठा भाग घरीच घडतो. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांना लवकर घरी सोडून चमूने तिथे जाऊन व्यायाम घेतले, तर मुक्काम काही दिवसांनी घटतो आणि परावलंबनही कमी होते. भारतात चमूऐवजी घरच्यांनाच शिकवून पाहिले गेले. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या अटेंड चाचणीचा निकाल २०१७ मध्ये आला : सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबनाचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच. या रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आत होते; वृद्धांना आधार याहून अधिकच लागणार. तेव्हा केवळ सुनेला किंवा लेकाला व्यायाम दाखवून खाट मोकळी करणे ही रुग्णालयाची बचत असली, तरी रुग्णाचे पुनर्वसन नव्हे. त्यासाठी घरी येणारा फिजिओथेरपिस्ट लागतो, आणि आज बहुतेक कुटुंबांना त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून भरावे लागतात.